मग तू काय म्हणालास?

न्यू जर्सीतल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात मी किशोर विभाग सांभाळते. पुस्तकांची देवघेव मशीनवर होते. माझं खरं काम म्हणजे घरी ज्यावर कुणी बोलत नाही, त्यावर चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना बोलतं करणं.

वर्णद्वेषावरच्या वाचनगटासाठी गुलामगिरीतून पळून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांचं 1845चं आत्मकथन घेतलं होतं. गुलाम मुलाचं शिकणं मालक बंद पाडतो, तेव्हा तो बाल्टिमोरच्या गरीब गोऱ्या पोरांना पाव देऊन त्यांच्याकडून वाचायला शिकतो. हा भाग आला की मुलं फोन खाली ठेवतात.

पुस्तक उघडण्याआधीच मी दोन नियम सांगते. मजकुरातली शिवी डोळ्यांनी वाचायची, तोंडाने नाही. आणि कृष्णवर्णीय मुलाकडे वळून 'तुला काय वाटतं?' असं विचारायचं नाही. दुसरा नियम मुलं लगेच पाळतात. मोठ्यांना जमत नाही, परिच्छेद संपला की नजर तिकडेच जाते. म्हणून मी त्या मुलाच्या समोर न बसता शेजारी बसते.

त्या दिवशी नववीतला एक मराठी मुलगा म्हणाला, "हे काळ्या-गोऱ्यांचं आहे. आपले लोक तर नंतर आले." आपल्या मंडळींचं हे लाडकं वाक्य आहे आणि ते साफ चूक आहे. मी त्याच्यापुढे 1987च्या एका पत्राची प्रत ठेवली. जर्सी सिटीतल्या 'डॉटबस्टर्स' टोळीने ते वर्तमानपत्राला पाठवलं होतं: भारतीयांना इथून हाकलू, टेलिफोन डिरेक्टरीत पटेल आडनाव शोधू. टोळीचं नाव बायकांच्या टिकलीवरून पडलेलं. त्याच वर्षी शेजारच्या होबोकेनमध्ये एका भारतीय तरुणाला बेदम मारहाण झाली आणि तो त्यातच गेला. जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी' कोणाला अर्पण केली, तेही मी सांगितलं: अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्यांना.

त्याने पत्र दोनदा वाचलं. मग कुणी न विचारता म्हणाला, "घर घेताना बाबांनी आधी बघितलं, शाळेत काळी मुलं किती आहेत."

गटात एकच कृष्णवर्णीय मुलगी होती. तिने शांतपणे विचारलं, "मग तू काय म्हणालास?"

"काहीच नाही."

नंतर एक सहकारी म्हणाली, किती प्रामाणिक मुलगा! मला त्या कौतुकाचा राग आला. मुलगा धीटच, पण त्याच्या प्रामाणिकपणाची किंमत त्या मुलीने मोजली, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

ती मुलगी मागाहून काउंटरवर आली. तिची तक्रार वेगळीच होती. "आमच्यावरच्या पुस्तकांत चाबूक असतो, नाहीतर पोलिसांची गोळी. माझ्यासारखी मुलगी नुसती प्रेमात पडते, भांडते, जादू करते असं काही नाही का?" आहे की, भरपूर आहे. पण फेब्रुवारीत कृष्णवर्णीय इतिहास महिन्याचं टेबल मांडतात तेव्हा ती पुस्तकं कपाटातच राहतात. पुढचं पुस्तक तिनेच निवडलं. एका आईचा फोन आला: "यात वर्णद्वेष कुठे शिकवला?" मुलांनी शेजारच्या मुलीला फक्त दुःख म्हणून ओळखू नये, हाही त्याच अभ्यासाचा भाग आहे, असं मी सांगितलं. त्यांना ते पटलं नाही.

तिच्याशिवाय 'मग तू काय म्हणालास?' हा प्रश्न त्या मुलाला कोणी विचारला असता? आणि तो विचारायचा भार तिच्यावर का पडावा? दोन्ही अजून मनातून जात नाही. पुढच्या गटासाठी मी तिसरा नियम लिहिला आहे: घरी ऐकलेलं सांगायचं असेल, तर त्यावर आपण काय बोललो, तेही न विचारता सांगायचं.