नवा सेट घ्या की काका

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कारखान्यात येणारं प्रत्येक नवं पोरगं विचारतं, आमचा जावईपण विचारतो: बाबांचा तो काळा पडलेला पाना किती दिवस वापरणार, चकाचक अख्खा सेट मिळतो की हजाराच्या आत.

मिळतो. घेतला होता मी. आठ पाने, दांड्यावर ‘क्रोम व्हॅनेडियम’, म्हणजे चिवट पोलादाचं नाव, ठोकलेलं. अक्षरं ठोकायला काय लागतंय.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत रात्रपाळी, टॉवेलचा जुना लूम, म्हणजे माग. फ्रेमचा तीन सुती, म्हणजे 3/8 इंची, बोल्ट काढायचा होता, गंजून बसलेला. नवा 18-19 चा, एका टोकाला 18 मिमी, दुसऱ्याला 19 चं तोंड असलेला पाना लावला आणि अंगातला सगळा जोर घातला, तर बोल्ट जागचा हलला नाही, पान्याचं तोंडच फाकलं, पाना सटकला आणि मूठ सरळ बीडाच्या, ओतीव लोखंडाच्या फ्रेमवर. करंगळीचं हाड वाजलेलं मी ऐकलंय, लूमच्या आवाजात. रुमाल गुंडाळून पाळी संपेपर्यंत थांबलो, कारण वरच्या माणसाला सांगायची लाज वाटली. बोट अजून पूर्ण मिटत नाही, चहाचा कप धरला की तेवढंच बाहेर राहतं, आणि पोरं हसतात.

नंतर त्या पान्यावर कानस मारून बघितली. गुळासारखा खरवडला. बाबांच्या पान्यावर कानस जेमतेम लागते. तो तापवून घडवलेला, पाणी देऊन कडक केलेला, मग परत बेतानं तापवून ठिसूळपणा काढलेला. नवीनमध्ये वर चमक तेवढी, तीपण पापुद्र्यानं निघते.

आता खरं सांगायचं तर त्या बोल्टचं डोकं व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या इंग्रजी इंची मापाचं, 0.710 इंच, म्हणजे 18 मिमीला केसभर जास्त. रंगाच्या थरांमुळं 18 चं तोंड बसेना म्हणून मी उलटून 19 चं लावलं. ढिलं होतं, माहीत होतं. आणि पाना ओढायचा असतो, मी ढकलत होतो. बाबा असते तर आधी मलाच शिव्या घातल्या असत्या.

बाबांच्या पेटीतले बाकीचे पाने कुठं गेले तेपण कुणी विचारत नाही. मोडले, भंगारात गेले. टिकला तो एकच, आणि मी त्याच्यावरनं सगळा जुना काळ चांगला ठरवतो. चांगले घडीव पाने आजपण मिळतात, पण किंमत ऐकली की आपणच पुढच्या दुकानात जातो. मीपण गेलो होतो. तरी म्हणून हजारात आठ विकणाऱ्यानं लोण्याचे पाने विकावेत का?

परवा त्याच लूमचा बोल्ट परत अडला. जावयानं दिलेल्या सेटमधला 18 लावून बघितला, बसेना. पोरगं म्हणालं, काका, रंग खरवडा की जरा, बसंल.

नाही खरवडला. बाबांची पेटी आण म्हणालो.