चार फटके दिल्याशिवाय कुणी कबूल होतं का?

पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला हा प्रश्न लग्नाच्या पंगतीत विचारला जातो, सोसायटीच्या बैठकीत विचारला जातो, दवाखान्यात नंबरची वाट बघतानाही विचारला जातो. "साहेब, आता खरं सांगायला काय हरकत आहे? मार दिल्याशिवाय कुणी कबूल होतं का?" तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मार दिला की माणूस कबूल होतो. ज्याने केलंय तो होतो आणि ज्याने केलेलं नाही तोही होतो. त्यामुळे त्या कबुलीवरून तपासी अंमलदाराला काहीच कळत नाही. शिवाय कोर्टात तिला किंमत शून्य. पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध वापरता येत नाही, हा नियम आजचा नाही. मद्रास इलाख्यात कबुलीसाठी लोकांचा छळ होतो, असा चौकशी आयोगाचा अहवाल १८५५ साली आला. १८६१च्या फौजदारी संहितेत हा नियम बसला, १८७२च्या पुराव्याच्या कायद्यात गेला आणि आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. सर्वसाधारण गुन्ह्यांत अपवाद एवढाच, की कोठडीतल्या आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूशी थेट जोडलेलं वाक्य ग्राह्य धरतात. "कोयता विहिरीत टाकलाय, काढून देतो" हे निवेदन पंचनाम्यात चालतं. "त्यानेच मी खून केला" हे पुढचं वाक्य चालत नाही.

तरीही आपल्याकडे "बोलता केला" हीच शाबासकीची भाषा आहे. याचं मला मनापासून दुःख वाटतं. कारण विचारपूस ही शिकण्याची विद्या आहे, आणि ती हात न उगारताही चुकू शकते.

अमेरिकेतलं उदाहरण घ्या. शिकागोचे जॉन रीड हे मार न देता कबुली मिळवण्यासाठी प्रसिद्ध होते. माणूस दोषी आहे हे आधी ठरवायचं, त्याचा नकार मध्येच तोडायचा, मग "तुझ्या जागी कुणीही हेच केलं असतं" असं म्हणून त्याला सुटकेची वाट दाखवायची, अशी त्यांची रीत. १९५५ साली नेब्रास्कातल्या लिंकन शहरात एका तरुणाच्या पत्नीचा खून झाला. रीड यांनी त्या तरुणाची चौकशी केली, तो कबूल झाला आणि लगेच फिरलाही. तरी जन्मठेप झाली. बऱ्याच वर्षांनी दुसऱ्याच माणसाने हा खून केल्याचं कबूल केलेलं बाहेर आलं आणि २०१२ साली राज्याने त्या निरपराधाची माफी मागून भरपाई दिली. तोवर तो म्हातारा झाला होता. त्याला मारझोड झाली नव्हती, हे लक्षात घ्या.

इंग्लंडने यातून वाट काढली. बर्मिंगहॅमच्या बॉम्बस्फोटांत १९७५ साली जन्मठेप झालेले सहा जण १९९१ साली निर्दोष सुटले. त्यांच्या कबुलीजबाबांवरचा विश्वास पार उडाला होता. पोलीस आणि पुराव्याविषयीच्या १९८४च्या कायद्यानंतर संशयितांची चौकशी टेप होऊ लागली होती. अभ्यासकांनी त्या टेप ऐकल्या तेव्हा दिसलं, की अधिकारी तयारी न करताच बसतात आणि समोरच्याला बोलू देत नाहीत. मग १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला 'पीस' ही पद्धत आली. आधी कागदपत्रं वाचून तयारी. मग समोरच्याला काय चाललंय ते समजावून सांगणं. मग त्याची हकीकत न तोडता पूर्ण ऐकणं, त्यानंतर विसंगतीवर बोट ठेवणं आणि शेवटी मिळालेली माहिती पडताळणं. कबुली हे तिचं उद्दिष्टच नाही. खोटं बोलणाऱ्यालाही सलग बोलू दिलं, की तो पडताळता येतील अशा गोष्टी सांगून बसतो. कुठे जेवला, कुणाच्या गाडीवरून गेला, फोन कुणाला केला. पुढचं काम सीसीटीव्ही आणि कॉल रेकॉर्ड करतात.

पण मला जास्त कळकळ आहे ती साक्षीदारांची. आरोपीच्या चौकशीवर सगळे बोलतात, साक्षीदाराचा जबाब मात्र घाईत उरकला जातो. "समक्ष विचारलेवरून जबाब लिहून देतो की" इथून सुरू होणारे पाच जबाब वाचा, पाचही माणसं एकाच तोंडाने बोलतात. भाजीवाली आजी "सदर इसमाने" असं कधी म्हणेल का? मग कोर्टात सरकारी वकील सरतपासात प्रश्न विचारतात तेव्हा ती स्वतःच्या भाषेत वेगळंच सांगते, बचावाचे वकील उलटतपासात विसंगती दाखवतात, आणि खरं बोलणारी बाई खोटी ठरते.

साक्षीदाराची आठवण नाजूक असते. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर धडकल्या तेव्हा वेग किती होता. काहींना विचारलं, गाड्यांचा चक्काचूर झाला तेव्हा किती होता. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? फिल्ममध्ये काच फुटलेली नव्हतीच. धडकल्या ऐकलेल्या ५० पैकी ७ जण हो म्हणाले, चक्काचूर ऐकलेल्या ५० पैकी १६. फरक फक्त प्रश्नातल्या एका शब्दाचा.

म्हणून "गाडी पांढरी होती ना?" असं विचारूच नये. पहाटे दूध टाकणाऱ्या एका माणसाला मी विचारलं होतं, "घरातून निघालात तिथपासून सांगा. थंडी होती का, कानावर काय पडत होतं, सगळं. तुम्हाला बिनकामाचं वाटलं तरी सांगा." मी पेन खाली ठेवलं आणि गप्प बसलो. बऱ्याच वेळाने, शेजारच्या कुत्र्याचं सांगता सांगता तो म्हणाला, "मागची नंबरप्लेट तारेने बांधलेली होती." रंग त्याला शेवटपर्यंत आठवला नाही, आणि मी तो सुचवलाही नाही. रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गायझलमन या मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात हीच रीत शास्त्रशुद्ध मांडली: माणसाला मनाने त्या जागी परत न्या, काहीही गाळू नका म्हणून सांगा आणि मध्ये तोडू नका. याला वेळ लागतो. बंदोबस्त, रिमांड, समन्स यांच्या रेट्यात तपासी अंमलदाराकडे तोच नसतो, हेही मला माहीत आहे. म्हणून मी नुसता अंमलदाराला दोष देत नाही. त्याला माणसं द्या, प्रशिक्षण द्या आणि जबाबाचं रेकॉर्डिंग नियमित करा. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८० ने रेकॉर्डिंगची मुभा दिलेली आहेच.

तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावलं तर घाबरू नका. जे आठवत नाही त्याला "आठवत नाही" म्हणा, अंदाजाने भर घालू नका. लिहिलेला जबाब वाचून दाखवायला सांगा आणि चुकलेलं तिथेच दुरुस्त करून घ्या. त्यावर सही मागितली, तर तपासातल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, हे शांतपणे सांगा. फिर्यादीचं वेगळं, तिच्यावर सही लागते. घरात महिला, पंधरा वर्षांखालचा मुलगा किंवा साठीच्या पुढचे आजोबा साक्षीदार असतील, तर त्यांना ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी घरी येऊन जबाब घ्यायचा असतो.