५४ नंबरचा स्टॅम्प

मी टेक्सासमध्ये डॅलसला एका ऑक्शन कंपनीत काम करते, कॉमिक्सच्या डिपार्टमेंटला. लोक घरातली जुनी कॉमिक्स घेऊन येतात ती आधी माझ्या टेबलवर येतात, मी पानं मोजते, पिना बघते, कडा बघते, सगळं लिहून काढते, आणि त्यातली जी लायक असतील ती फ्लोरिडाला सॅरासोटाला सीजीसी नावाच्या कंपनीकडे ग्रेडिंगला, म्हणजे प्रत किती चांगल्या अवस्थेत आहे ते ठरवायला जातात. तिथून ती कडक प्लॅस्टिकच्या सीलबंद केसमध्ये परत येतात, वर लेबल, लेबलवर ०.५ पासून १०.० पर्यंतचा एक आकडा. पुढचं सगळं त्या आकड्यावर. सांगलीला मी लायब्ररीत होते, कागद हाताळायची सवय तिथलीच, फक्त तिथे पुस्तक जितकं जास्त वाचलं जायचं तितकं आम्हाला बरं वाटायचं आणि इथे नेमकं उलटं आहे, हे अंगवळणी पडायला मला वेळ लागला.

तर त्या दिवशीचं सांगते.

साठीच्या आसपासचे एक गृहस्थ अ‍ॅमरिलोहून आले होते, सहा तास गाडी चालवून. एक लांब पुठ्ठ्याचा बॉक्स, त्यात दीड-दोनशे अंक, सगळे साधारण १९७३ ते ७६ मधले, लहानपणी स्वतःच्या पैशाने घेतलेले. गारपिटीत घराचं छप्पर गेलं होतं, इन्शुरन्सने सगळं दिलं नव्हतं, आणि बायकोला आठवलं की कपाटात तुझी ती कॉमिक्स आहेत ना. बसायच्या आधीच त्यांनी बॉक्समधून एक अंक वेगळा काढून माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, हा तो आहे ना?

तोच होता. 'इन्क्रेडिबल हल्क' नंबर १८१, नोव्हेंबर १९७४, छापील किंमत २५ सेंट. वुल्व्हरिन हा पुढे गाजलेला सुपरहिरो पहिल्यांदा पूर्ण अंकभर दिसतो तो हा. माझ्या कामात हा अंक मी खूप वेळा बघितलाय, कारण तो दुर्मिळ नाहीच, एकट्या सीजीसीकडेच याच्या दहा हजारांहून जास्त प्रती ग्रेड होऊन गेल्यात. लोकांना हे पटत नाही. सुपरमॅनचा १९३८ चा 'अ‍ॅक्शन कॉमिक्स' नंबर १ घ्या, त्याच्या प्रतीच इतक्या थोड्या उरल्यात की कव्हर नसलेली, फाटकी प्रतसुद्धा लोक डोक्यावर घेतात, आणि चांगली म्हणजे ८.५ ग्रेडची प्रत २०२४ मध्ये ६० लाख डॉलर्सला गेली. हल्क १८१ चं तसं नाही, हवा तेव्हा मिळतो, त्यामुळे सगळी मारामारी कंडिशनवर. मधल्या ग्रेडची प्रत काही हजार डॉलर्सला आणि ९.८ ची त्याच्या कितीतरी पट, अंक तोच, गोष्ट तीच. ९.६ आणि ९.८ शेजारी ठेवले तर दहातल्या नऊ लोकांना फरक सांगता येणार नाही आणि किंमत मात्र कधीकधी दुप्पट होते.

त्यांनी अर्थातच ९.८ ची किंमत बघितली होती. सगळे तीच बघतात.

आणि खरं सांगायचं तर कव्हर बघून माझ्याही पोटात धस्स झालं, चांगल्या अर्थाने. रंग ताजे, कोपरे टोकदार, पिना चकचकीत, गंजाचा टिपूस नाही. लाइट तिरका धरून स्पाइन, म्हणजे अंकाची पाठीकडची घडी, बघितली तर दोन-तीन बारीक ताणाच्या रेषा, त्यातली एकच रंग तुटलेली. एवढा फरक महत्त्वाचा असतो, कारण नुसता बाक किंवा हलकी घडी असेल तर प्रेसिंग करून, म्हणजे नीट मोजून उष्णता, दमटपणा आणि दाब देऊन ती जाते आणि सीजीसी त्याला रिस्टोरेशन, म्हणजे मागाहून केलेली डागडुजी, धरत नाही, पण शाईच तुटली आणि खालचा पांढरा कागद दिसला की ते कशानेही जात नाही. कागदही पांढरा होता. हे न्यूजप्रिंट म्हणजे स्वस्त लगद्याचा कागद, त्यातलं लिग्निन आणि आम्ल मिळून तो आतून पिवळा करतात, दमट गरम जागी असेल तर लवकर. अ‍ॅमरिलोची हवा कोरडी, आणि बॉक्स माळ्यावर न ठेवता घरातल्या कपाटात, अंक घट्ट दाबून उभे. डेन्व्हरच्या एडगर चर्च यांचा साठा या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे, १९७७ मध्ये चक रोझान्स्की यांनी विकत घेतला तो, हजारो अंक, तेव्हाच चाळीस वर्षांपर्यंत जुने आणि तरी कागद नव्यासारखा, कारण तेच, कोरडी हवा आणि घट्ट रचलेल्या थप्प्या. माझ्या डोक्यात ते आलंच.

पण मी आकडा बोलले नाही. ते गृहस्थ दोनदा विचारत होते, अंदाजे तरी सांगा, आणि मी म्हणत राहिले की आधी पूर्ण बघू दे.

याचं कारण आहे. काही वर्षांपूर्वी एक बाई वडिलांचा स्पायडरमॅनचा १९६३ चा पहिला अंक घेऊन आल्या होत्या, झगमगीत प्रत, आणि मी उत्साहाच्या भरात एक रक्कम बोलून गेले. अंक परत आला तो जांभळं लेबल घेऊन. जांभळं म्हणजे रिस्टोर्ड. स्पाइनवरच्या पांढऱ्या पडलेल्या जागा कुणीतरी पूर्वी कधीतरी काळ्या शाईने रंगवल्या होत्या आणि उजवी कड सरळ दिसावी म्हणून केसभर कापली होती. जुन्या मार्व्हल अंकांत जांभळ्या लेबलची किंमत निळ्याच्या, म्हणजे काहीही डागडुजी न केलेल्या पूर्ण प्रतीच्या, तुलनेत बरेचदा निम्म्याहूनही खाली येते. मी फक्त कव्हर उलटून आतल्या बाजूने बघितलं असतं तर शाई झिरपलेली दिसली असती, दहा सेकंदाचं काम. त्या बाईंनी माझ्या शब्दावर घरात काहीबाही ठरवून टाकलं होतं. फोनवर त्या ओरडल्या नाहीत, नुसत्या गप्प राहिल्या, ती शांतता मला अजून आठवते. तेव्हापासून मी आधी कव्हरची आतली बाजू बघते, मग कडा मोजते, मग पानन् पान, आणि तोपर्यंत तोंडातून रक्कम काढत नाही, समोर कोणीही असो.

तर कव्हर आतून स्वच्छ. कडा बरोबर. मग पानं. १९७४-७५ च्या मार्व्हल अंकांत वाचकांच्या पत्रांच्या पानावर एक छोटा स्टॅम्प छापलेला असायचा, मार्व्हल व्हॅल्यू स्टॅम्प, पोरांनी तो कापून एका अल्बममध्ये चिकटवायचा, पहिल्या मालिकेत असे १०० होते. हल्क १८१ मध्ये ५४ नंबरचा, शॅना द शी-डेव्हिल या पात्राचा. म्हणजे कंपनीनेच सांगितलं होतं की कात्री घ्या आणि कापा. त्यामुळे त्या काळातला कुठलाही अंक उघडला की आम्ही आधी त्या पानावर जातो, पण त्या दिवशी मी मुद्दाम क्रमाने गेले, मला वाटतं मला ते पान यायला नको होतं.

पान आलं आणि तिथे चौकोनी भोक होतं. एकदम नीट कापलेलं, कोपरे काटकोनात. त्यातून पुढच्या पानावरचं चित्र दिसत होतं.

मी अंक तसाच उघडा ठेवला आणि त्यांच्याकडे वळवला. माझी सीनियर म्हणते की अशा वेळी आधी चांगलं सांगावं मग वाईट. मला ते जमत नाही आणि पटतही नाही, माणसाला काय झालंय ते त्याच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे. मी म्हटलं, इथला स्टॅम्प नाहीये, त्यामुळे हा अंक अपुरा धरला जाईल, कदाचित हिरवं लेबल मिळेल, त्यावर वरचा आकडा चांगला असेल पण खाली स्पष्ट लिहिलेलं असेल की स्टॅम्प कापलेला आहे, आणि तुम्ही बघितलेल्या किमतीच्या आसपाससुद्धा तो जाणार नाही. अजूनही पैसे येतील, पण ते नाही.

ते बराच वेळ भोकाकडे बघत होते. मग म्हणाले, मीच कापला. नऊ वर्षांचा होतो. आईची शिवणाची कात्री घेतली होती म्हणून मारही खाल्ला होता.

मग त्यांनी बॉक्सच्या तळातून अंकांच्या मागे उभी ठेवलेली एक पातळ पुस्तिका काढली. तो अल्बम. अर्ध्याहून जास्त भरलेला, प्रत्येक स्टॅम्प आपल्या चौकटीत, आणि ५४ वर शॅना, गोंद पिवळा पडलेला पण कागद धरून. तो इथे आहे, म्हणाले, हा परत लावता येणार नाही का? कागद-दुरुस्ती करणारा चांगला माणूस असेल तर?

लावता येतो. हाताने इतका सुंदर लावणारे लोक आहेत की नुसत्या नजरेला कळणार नाही. पण ग्रेडिंगवाले तो लाइटखाली बघणार आणि लेबलवर तसं लिहिणार, दुसऱ्या प्रतीतला स्टॅम्प आणून लावला तरी लिहिणार, आणि न सांगता लावून कुणाला विकला तर ती सरळ फसवणूक. मी हे सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि अल्बम मिटला.

मला त्या वेळी आमच्या घरची इंद्रजाल कॉमिक्स आठवली. वेताळ, मँड्रेक, बहादूर, टाइम्सवाले १९६४ पासून १९९० पर्यंत काढत होते ती. बाबांनी दादाचे अंक गावभागातल्या बाइंडरकडे देऊन जाड पुठ्ठ्याची बाइंडिंग करून आणली होती, आणि बाइंडरने रीतीप्रमाणे तिन्ही बाजू मशीनवर कापून सरळ केल्या होत्या. इथल्या नियमाने त्यातला प्रत्येक अंक ट्रिम केलेला, म्हणजे जांभळ्या लेबलचा. बाबांनी ते जपण्यासाठीच केलं होतं. त्यांच्या हिशेबाने पुस्तक जपायचं म्हणजे ते वाचून वाचून सुटं होऊ नये अशी व्यवस्था करायची, आणि मी आज जिथे बसते तिथे जपणं म्हणजे कुणी उघडलंच नाही. दोन्ही मला खरं वाटतं. मी पगार दुसऱ्यावर घेते.

मग आम्ही बाकीचा बॉक्स काढला आणि त्यात तीन तास गेले. बऱ्याच अंकांत तीच चौकोनी भोकं, मुलगा मेहनती होता. पण 'अमेझिंग स्पायडरमॅन' १२९ निघाला, फेब्रुवारी १९७४ चा, पनिशर पहिल्यांदा येतो तो, पानं सगळी जागेवर, पिना घट्ट, वरच्या कडेला एक हलका बाक जो प्रेसिंगने जाईल असा. आणखी सात-आठ चांगले निघाले. मी तेव्हाही आकडा बोलले नाही, फक्त म्हटलं की यांना पाठवण्यासारखं आहे. नंतर तो १२९ निळं लेबल आणि ९.० घेऊन आला, सगळे मिळून छपराचा निम्म्याहून थोडा जास्त खर्च निघाला, तेवढं मी त्यांना फोनवर सांगू शकले आणि या वेळी मला फोन करायला भीती वाटली नाही.

हल्कचं काय करायचं विचारलं तर म्हणाले, तो विकायला नको, मी घेऊन जातो. मी मायलार नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकची नवीन पिशवी आणि आम्लरहित पुठ्ठा काढला, अल्बमसाठी वेगळी पिशवी, कारण त्या जुन्या गोंदाला अंकाला चिकटू द्यायचं नव्हतं. अंक पिशवीत घालणार तेवढ्यात त्यांनी विचारलं, जरा वाचू का? पन्नास वर्षांत उघडला नाहीये.

आमच्या खोलीत कोणी कॉमिक वाचत नाही. आम्ही ती दोन्ही हातांवर धरतो, जेमतेम उघडतो, पान उलटताना श्वास धरतो. मी सीनियरकडे बघितलं, ती म्हणाली त्यांचा अंक आहे.

ते खुर्चीत मागे टेकून बसले, अंक मध्ये मोकळा उघडला, डावीकडची पानं मागे दुमडली आणि एका हातात धरून वाचायला लागले, आमच्याकडे पोरं वाचायची अगदी तसं. स्पाइनवर त्याच क्षणी नवीन रेघ पडली असणार, माझा हात नकळत पुढे गेला आणि मी तो मागे घेतला. पुढचे ग्राहक बाहेर थांबले होते. मी त्यांच्या बॉक्सची यादी टाइप करत बसले आणि मधूनमधून पान उलटल्याचा आवाज ऐकत होते. भोकाच्या पानावर ते थांबले, त्यातून बोट घातलं, पलीकडून बाहेर काढलं, हसले आणि पान उलटून पुढचं वाचायला लागले.