एकाच बाटलीतले दोन तुकडे

पॅथॉलॉजीत माझ्याकडे आलेल्या फॉर्मवर एवढंच : 'लिव्हर एसओएल, बायोप्सी.' एसओएल म्हणजे जागा व्यापणारी गाठ, कसली ते ठाऊक नाही. स्त्री, वय ३४. फॉर्मॅलिनच्या एकाच बाटलीत १८ गेजच्या सुईने काढलेले दोन कोअर (बारीक, लांबट तुकडे), प्रत्येकी दीडेक सेंटीमीटर.

पहिल्यात हेपॅटोसाइटच्या (लिव्हरच्या मुख्य पेशींच्या) गाठी, भोवती तंतुमय पट्टे, पट्ट्यांच्या कडेला बारीक पित्तनलिकांची गर्दी, थोडे लिम्फोसाइट (पांढऱ्या रक्तपेशी). कुणीही सिरोसिस (तंतूंनी कडक, गाठाळ झालेलं लिव्हर) म्हणावं. दुसरा कोअर मात्र ठणठणीत लिव्हरचा. फायब्रोसिस, म्हणजे तंतूंची वाढ, औषधालाही नाही. मग पट्टे पुन्हा निरखले. त्यांत जाड भिंतीच्या वेड्यावाकड्या धमन्या होत्या, पण सोबतीला ना पोर्टल व्हेन (लिव्हरला आतड्यांकडून रक्त आणणारी शीर), ना नेहमीची पित्तनलिका. रेडिओलॉजिस्टना फोन लावला.

"सुईचा एक पास गाठीतून, मॅडम. दुसरा मुद्दाम बाजूच्या लिव्हरमधून."

बाटल्या वेगळ्या असत्या तर अर्धा तास वाचला असता.

एमआरआय सोबत बसून पाहिला. चौथ्या सेगमेंटमध्ये ५ सेंमीची गाठ. आर्टेरियल फेजमध्ये, म्हणजे कॉन्ट्रास्ट औषध धमन्यांत पोचतं तेव्हा, एकसारखी लख्ख (त्या धमन्यांचीच करामत), त्यानंतरच्या पोर्टल फेजमध्ये आजूबाजूच्या लिव्हरइतकीच, वॉशआउट (आजूबाजूपेक्षा काळं पडणं) नाही. गाठीच्या मधला व्रण टी-२ वर (पाणी उजळ दाखवणाऱ्या एमआरआय प्रतिमेत) उजळ. त्याला व्रण म्हणतात खरं, पण असते ती सैल, पाणी धरून बसलेली ऊती, तिच्यात रक्तवाहिन्या आणि नलिका. लिव्हरच्या फायब्रोलॅमेलर कॅन्सरमध्येही असा व्रण असतो, पण तो घट्ट कोलॅजनचा (तंतूंचा), म्हणून टी-२ वर बहुधा काळा. गॅडॉक्सेटेट (हेच ते कॉन्ट्रास्ट औषध) दिल्यावर २० मिनिटांनी गाठ उजळच, व्रण तेवढा काळा : औषध ओढून घेणारे हेपॅटोसाइट गाठीत भरपूर, व्रणात नाहीत.

सगळं एफएनएचकडे, म्हणजे फोकल नोड्युलर हायपरप्लेसिया या कॅन्सर नसलेल्या गाठीकडे, बोट दाखवत होतं. राहिली शंका लिव्हरच्याच दुसऱ्या एका सौम्य गाठीची, इन्फ्लमेटरी अ‍ॅडिनोमाची. त्यातही जाड धमन्या आणि नलिका दिसतात, छोट्या कोअरवर हमखास फसायला होतं. पहिल्याच कापणीत कोऱ्या स्लाइड काढून ठेवल्या होत्या हे बरं. कोअर बसवलेला मेणाचा ब्लॉक पुन्हा मशीनवर चढवला की ट्रिम करतानाच बराचसा कोअर वाया जातो. ग्लुटामाइन सिंथेटेज हे एन्झाइम दाखवणारं स्टेनिंग लावलं. निरोगी कोअरमध्ये ते मध्यशिरेभोवती पेशींच्या एक-दोन ओळींपुरतं. गाठीच्या कोअरमध्ये रुंद, एकमेकांत मिसळलेले तपकिरी पट्टे, नकाशातल्या खंडांसारखे, आणि तंतुमय पट्ट्यांलगत कोरी जागा : एफएनएचचीच खूण. इन्फ्लमेटरी अ‍ॅडिनोमात रंगणाऱ्या दोन दाह-प्रथिनांपैकी एसएए निगेटिव्ह. सीआरपी पट्ट्यांलगत किंचित रंगलं, पण तेवढं एफएनएचमध्येही रंगतं; एकट्या सीआरपीवर अ‍ॅडिनोमा म्हणू नये.

रिपोर्ट लिहिला : 'फोकल नोड्युलर हायपरप्लेसिया, एमआरआयशी सुसंगत. दुसरा कोअर गाठीबाहेरच्या लिव्हरचा, फायब्रोसिस नाही.' खाली एक ओळ जोडली : 'यापुढे दोन्ही कोअर वेगळ्या बाटल्यांत, जागा लिहून पाठवावेत.'