तिसरे पॅड

बाळंतपणात किती रक्त गेले, या रकान्यात मी अनेक वर्षे ‘सुमारे 300 मिली’ असेच लिहीत आले. मोजले कधीच नव्हते. चादरीत, कापसात आणि बादलीत गेलेले रक्त पाहून आकडा ठरे, आणि नजरेचा अंदाज बहुधा कमीच निघतो.

ही सवय एका सकाळी मोडली. प्रसूती सुरळीत झाली होती, वार पूर्ण पडली होती आणि टाके घालून मी पलीकडच्या टेबलाकडे वळले होते. पॅड बदलणाऱ्या मावशींनी सिस्टरना हळूच सांगितले, की हे तिसरे आहे. सिस्टरना शंका आली होती, पण ‘उगाच हाका मारू नका’ असे मीच आठवड्यापूर्वी त्यांना सुनावले असल्यामुळे त्या गप्प राहिल्या. आठ वाजता ड्यूटी बदलली आणि हँडओव्हरमध्ये तिसऱ्या पॅडचा उल्लेखच झाला नाही. नव्या सिस्टरनी नाडी पाहिली तेव्हा ती 130 च्या वर होती. रक्ताच्या चार पिशव्या चढवाव्या लागल्या, बाई वाचली. काय उपचार करायचे याची माहिती त्या खोलीतच होती, मात्र मावशींना दिसलेली गोष्ट माझ्यापर्यंत यायला पाऊण तास गेला.

केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील सुमारे 80 रुग्णालयांत झालेल्या ‘ई-मोटिव्ह’ अभ्यासाचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. बाळंतिणीखाली मापाच्या रेषा असलेली प्लास्टिकची पिशवी लावली आणि गर्भाशयाचे मर्दन, गर्भाशय आकुंचित करणारे ऑक्सिटोसिन, रक्तस्राव आटोक्यात आणणारे ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड, सलाईन व तपासणी हे उपचार एकापाठोपाठ एक न करता एकदमच सुरू केले, तर तीव्र रक्तस्राव, त्यासाठी करावी लागणारी पोटाची शस्त्रक्रिया किंवा त्यामुळे होणारा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण 60 टक्क्यांनी घटल्याचे त्यात आढळले. मला त्यातली पिशवी अधिक महत्त्वाची वाटते. ‘मॅडम, मला जरा जास्त वाटतंय’ असे म्हणायला सिस्टरना धीर करावा लागतो. ‘500 झाले’ हे कोणीही म्हणू शकते.

आता आम्हीही तशी पिशवी लावतो, आणि जास्त रक्त जाऊ लागले तर काय करायचे याची दर गुरुवारी दहा मिनिटांची रंगीत तालीम करतो. पहिल्याच तालमीत उघड झाले, की ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड कुलूपबंद कपाटात आहे आणि किल्ली घरी गेलेल्या इन्चार्ज सिस्टरकडे. (ऑक्सिटोसिनचा फ्रिज दुसऱ्याच वॉर्डात होता, ते वेगळेच.) आता सूचना नाव घेऊन दिली जाते, आणि घेणारी ती मोठ्याने उच्चारून वेळेसह केसपेपरवर लिहिते. हँडओव्हर बाईच्या खाटेपाशीच होतो.

गेल्या महिन्यात मी टाके घालत असताना मावशींनी मला थेट हाक मारली. रेषा 350 वर होती, नाडी ठीक होती, गर्भाशय घट्ट होते; काहीच करावे लागले नाही. मला क्षणभर राग आला, हे खरे आहे. तरीही मी सर्वांसमोर त्यांचे आभार मानले आणि पुढच्या वेळीही अशीच हाक मारा, असे सांगितले.