केबल घेण्याआधी टेप घ्या

घरी एव्ही रिसीव्हर (सगळ्या स्पीकरांना आवाज पुरवणारा डबा) आणि पाच-सहा स्पीकर आणायचे ठरले की सगळे विचारतात, केबल कोणती चांगली? माझ्या मते हा तिसरा प्रश्न आहे. त्याआधीचे दोन म्हणजे वायर किती मीटर लागणार आणि स्पीकर किती ओहमचा, म्हणजे त्याचा विजेला रोध किती. हे दोन आकडे हातात आले की वायरची जाडी ठरते. जाडी ठरली आणि आत खरे तांबे आहे याची खात्री झाली, की स्पीकर वायरच्या बाबतीत ऐकू येण्याजोगे काही उरत नाही. उरलेला पैसा भिंतीतल्या मोठ्या पाइपवर आणि नीट केलेल्या जोडांवर घालावा.

लांबी डोळ्यांनी मोजू नका. नागपुरात बेशाकडच्या एखाद्या फ्लॅटमधला बारा बाय सोळा फुटांचा हॉल धरा. टीव्हीपासून मागच्या स्पीकरपर्यंतचे सरळ अंतर पाच मीटरच्या आसपास दिसते. पण वायर हवेतून जात नाही. टीव्ही युनिटपासून छतापर्यंत २.३ मीटर, मधून कोपऱ्यापर्यंत १.८, भिंतीच्या कडेने मागे ४.९, तिथून स्पीकरपर्यंत खाली १.३ आणि दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा मीटर जास्तीची. झाले ११.३ मीटर. म्हणजे डोळ्यांना दिसले त्याच्या दुप्पट. टेपने मोजलेल्या लांबीत अर्धा मीटर आणखी वाढवून घेतलेले बरे, कारण भिंतीत जोड देणे हा या कामातला सगळ्यात वाईट पर्याय आहे.

आता जाडी. आपल्याकडच्या मानकात लवचीक तांब्याच्या वायरचा २० अंश सेल्सिअसला जास्तीत जास्त किती रोध चालेल, हे ठरलेले आहे. एक किलोमीटरला ०.५ चौरस मिमीसाठी ३९ ओहम, १ साठी १९.५, १.५ साठी १३.३, २.५ साठी ७.९८ आणि ४ साठी ४.९५. करंट जातो आणि परतही येतो, म्हणून लांबी दुप्पट धरायची. जाऊन-येऊन होणारा रोध स्पीकरच्या ओहमच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवला की आवाजातली घट अर्ध्या डेसिबलपेक्षा कमी राहते. हा हिशेब करून पाहिला तर ८ ओहमच्या स्पीकरला १.५ चौरस मिमीची वायर १५ मीटरपर्यंत चालते, २.५ ची २५ मीटरपर्यंत. ४ ओहमच्या स्पीकरला हेच आकडे निम्मे होतात, म्हणजे साडेसात आणि साडेबारा मीटर.

आणि हे सगळे २० अंशांचे आकडे आहेत. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, नागपुरात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा वायरचा रोध सरळ दहा टक्क्यांनी जास्त असतो. वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबला चिकटून पाइप गेला असेल तर त्याहूनही जास्त. मग साडेबारा मीटरची मर्यादा साडेअकराच्या खाली येते. वरच्या हॉलमधला ११.३ मीटरचा हिशेब ४ ओहमच्या स्पीकरला जेमतेम पुरतो तो असा. म्हणून माझा आग्रह असा की भिंतीत जाणारी प्रत्येक स्पीकर वायर २.५ चौरस मिमीची घ्या, मग आज लागणारा स्पीकर ८ ओहमचा का असेना. ती वायर पुन्हा बदलता येणार नाही, स्पीकर मात्र बदलतील. समोरच्या तीन स्पीकरांना, जिथे वायर उघडी आणि तीन-चार मीटरचीच आहे, तिथे १.५ भरपूर झाली.

पातळ वायरीने नेमके काय बिघडते, हे एका उदाहरणावरून कळेल. खोक्यात पूर्ण संच मिळतो त्यातले स्पीकर बरेचदा ३ किंवा ४ ओहमचे असतात आणि सोबत केसासारखी वायर येते. मागच्या स्पीकरसाठी ती कमी पडली म्हणून तशीच ०.५ चौरस मिमीची दहा मीटर वायर आणून लावली, तर रोध झाला ०.७८ ओहम. ३ ओहमच्या स्पीकरला त्यामुळे पूर्ण दोन डेसिबलची घट बसते, स्पीकरपर्यंत पोचणारी पॉवर ६३ टक्क्यांवर येते. नुसता आवाज कमी झाला असता तर रिसीव्हरमध्ये लेव्हल वाढवून भागले असते. पण स्पीकरचा रोध प्रत्येक स्वराला वेगळा असतो. ८ ओहम लिहिलेला स्पीकर कुठे ५ वर उतरतो, कुठे २० च्या वर चढतो. मधे पातळ वायर आली की जिथे स्पीकरचा रोध कमी तिथे घट जास्त, आणि आवाजाचा तोलच बदलतो. जाड वायर लागते ती या कारणासाठी.

धातूबद्दल मात्र डोळे उघडे ठेवावेच लागतात. बर्डीच्या बाजारात पारदर्शक आवरणाची, जाडजूड दिसणारी स्पीकर वायर स्वस्तात मिळते, ती बरेचदा तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची असते. तिचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या साधारण दीडपट. म्हणजे २.५ म्हणून घेतलेली वायर कामाला तांब्याच्या १.५ पेक्षा थोडीशीच बरी. ओळखायची कशी? एक तार सुटी करून ब्लेडने खरवडा. वरून तांबूस आणि आत पांढरी निघाली तर अ‍ॅल्युमिनियम. उलट, वरून पांढरी आणि आत तांबूस असेल तर ते कल्हई केलेले तांबे आहे, घाबरू नका. पारदर्शक वायरीत एक गाभा तांबडा आणि एक चंदेरी असतो, तो प्लस-मायनस ओळखता यावा म्हणून. दुसरी खूण वजनाची. दोन गाभ्यांच्या २.५ चौरस मिमी वायरीत दहा मीटरला नुसते तांबेच ४५० ग्रॅमच्या आसपास भरते, वरचे पीव्हीसी वेगळे. दहा मीटरचे वेटोळे सगळे मिळून ३०० ग्रॅम भरले तर काय ते समजा. अशी वायर स्क्रूखाली हळूहळू दबते, जोड सैल पडतो, आणि दोन-चार वेळा वाकवली की तारा तुटू लागतात.

मग घ्यायची कोणती? भिंतीत घालायला विजेच्या दुकानात मिळणारी दोन गाभ्यांची, गोल आवरणाची, तांब्याची लवचीक केबल उत्तम. वर आयएसआयचा शिक्का आणि चौरस मिमी छापलेले असते, आणि महागड्या वायरींपेक्षा ती कितीतरी स्वस्त पडते. घरातल्या वायरिंगसाठी येणाऱ्या सुट्या लाल-काळ्या वायरी विजेच्या दृष्टीने चालतात, तरी मी त्या वापरू नका असेच म्हणेन. पाच वर्षांनी दुसरा इलेक्ट्रिशियन बोर्ड उघडेल, लाल-काळी जोडी पाहील आणि तिला २३० व्होल्ट जोडून मोकळा होईल. स्पीकरची केबल रंगाने वेगळी ठेवा आणि दोन्ही टोकांना ‘स्पीकर’ लिहिलेली पट्टी चिकटवा.

‘ऑक्सिजनमुक्त तांबे’ ही छपाई तुमच्या कामाला काही भर घालत नाही, साधे विजेचे तांबेच इतके शुद्ध असते. स्पीकर वायरीवरच्या बाणालाही अर्थ नाही, त्यातला करंट दर क्षणी दिशा बदलत असतो. डाव्या-उजव्या वायरी समान लांबीच्या हव्यात म्हणून जास्तीची वायर गुंडाळून ठेवण्याची गरज नाही. तीन मीटरच्या फरकाने पडणारा उशीर सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजावा लागतो.

जोडताना आवरण १० ते १२ मिमीच सोला, तारा घट्ट पिळा, एकही केस बाहेर राहू देऊ नका. तो शेजारच्या टर्मिनलला टेकला की रिसीव्हर प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो, किंवा त्याहून वाईट होते. स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला सोल्डर लावू नका. सोल्डर मऊ असते, दाबाखाली ते सरकते आणि महिन्या-दोन महिन्यांत जोड ढिला पडतो. नुसते पिळलेले तांबे किंवा टर्मिनलमध्ये खुपसायचा बनाना प्लग, दोन्ही चालतात. स्प्रिंगच्या क्लिपमध्ये ४ चौरस मिमीची वायर सहसा जात नाही, हेही जाडी ठरवताना लक्षात घ्या. प्लस-मायनसची शंका असेल तर रिसीव्हरकडचे टोक सोडवून त्याला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. प्लसला प्लस असेल तर वूफरचा पडदा बाहेर उचलला जातो.

रिसीव्हर आणि टीव्हीमध्ये चित्र-आवाज नेणाऱ्या एचडीएमआय केबलचे गणित वेगळे. तिथे आवाज-चित्र थोडे बरे किंवा थोडे वाईट असे होत नाही. केबल कमी पडली की चित्रात पांढरे ठिपके चमकतात, पडदा सेकंद-दोन सेकंद काळा होतो, आवाज तुटतो. हे होत नसेल तर केबल पुरेशी आहे, महाग केबलने रंग खुलत नाहीत. खोक्यावरच्या आवृत्तीच्या आकड्याकडे पाहू नका, वर्ग पाहा. ‘प्रीमियम हाय स्पीड’ म्हणजे सेकंदाला १८ गिगाबिट, फोर-के सिनेमाला भरपूर. ‘अल्ट्रा हाय स्पीड’ म्हणजे ४८ गिगाबिट, नव्या गेम कन्सोलच्या सेकंदाला १२० फ्रेमसाठी ती हवी. दोन्हींच्या खोक्यावर मोबाइलने तपासता येणारे लेबल असते. तांब्याची अल्ट्रा केबल पाच मीटरच्या पुढे भरवशाची राहत नाही. प्रोजेक्टरला दहा-बारा मीटर न्यायचे तर आत काचतंतू असलेली सक्रिय केबल घ्या. तिच्यावरचा बाण मात्र खरा आहे. ‘सोर्स’ लिहिलेले टोक रिसीव्हरला, ‘डिस्प्ले’ लिहिलेले टीव्ही किंवा प्रोजेक्टरला. उलट लावली तर काहीच दिसणार नाही. आणि टीव्हीचा आवाज त्याच केबलने रिसीव्हरकडे परत आणायचा असेल तर खोक्यावर ईएआरसीचा उल्लेख हवाच.

आता पाइप, जिथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. एचडीएमआयच्या प्लगची रुंदी साधारण २० मिमी. वायरिंगला वापरतात त्या २५ मिमी पाइपच्या आत त्याहून जेमतेम जास्त जागा असते. सरळ पाइपातून प्लग जाईल, वळणावर रुतून बसेल. एचडीएमआयसाठी किमान ४० मिमीचा पाइप टाका, काटकोनी एल्बोऐवजी लांब बेंड वापरा आणि आत नायलॉनची दोरी ओढून ठेवा. एचडीएमआय केबल दर काही वर्षांनी बदलावी लागते हे धरूनच चालायचे. झिरी मारतानाच मुख्य लाइनचा पाइप आणि स्पीकरचा पाइप वेगळे ठेवायला सांगा. समांतर जात असतील तर फूटभर अंतर, ओलांडायचेच असेल तर काटकोनात.

घुंईईई असा ५० हर्ट्‌झचा आवाज येऊ लागला की लोक केबलला दोष देतात. बहुतेक वेळा गुन्हेगार अर्थिंग असते. दोन उपकरणे दोन वेगळ्या बोर्डांवर लावली की दोन्ही अर्थमधल्या फरकामुळे सिग्नलच्या केबलीत तारेभोवती असलेल्या धातूच्या जाळीतून करंट वाहतो आणि तो सबवूफरमधून, म्हणजे खर्जाच्या स्पीकरमधून, ऐकू येतो. गच्चीवरच्या डिश अँटेनाची केबल हा दुसरा मार्ग. शोधायचे असे: रिसीव्हरकडून सबवूफरला येणारी आरसीए केबल काढा. घुंई थांबली तर सबवूफर ठीक आहे. केबल परत लावून सेट-टॉप बॉक्सची डिशची केबल काढा. आता थांबली तर कारण सापडले. रिसीव्हर, टीव्ही, सबवूफर, सेट-टॉप बॉक्स सगळे एकाच बोर्डवर आणा. कूलर मात्र त्या बोर्डवर अजिबात नको. त्याची मोटर आणि पाण्याचा पंप चालू-बंद होताना स्पीकरमध्ये खट्ट वाजते, आणि ओल्या कूलरमधली विजेची गळती त्याच अर्थवर येते. घुंई घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन तोडणारे लोक आहेत. हे कधीही करू नका, त्याने आवाज जाईल पण रिसीव्हरच्या पत्र्याला हात लावणारा माणूस धोक्यात येईल. महाल भागातल्या एखाद्या जुन्या घरात अर्थिंगच नसेल तर स्पीकरांच्या आधी ते करून घ्या.

सबवूफरला खास ‘सबवूफर केबल’ लागत नाही. तांब्याच्या जाळीची आरजी ५९ ही सीसीटीव्हीची केबल आणि दोन धातूचे आरसीए प्लग पुरतात. डिशची आरजी ६ घेऊ नका. तिची जाळी सहसा अ‍ॅल्युमिनियमची, विरळ असते आणि तिला सोल्डर धरत नाही.

प्लास्टरआधी प्रत्येक वायर तपासा. दूरच्या टोकाला दोन्ही गाभे एकमेकांना जोडा, अलीकडून मल्टीमीटर लावा. ओहमचा छोटासा आकडा आला पाहिजे, त्यातून मीटरच्या स्वतःच्या तारांचा रोध वजा करायचा. मग दूरचे टोक सोडवून पुन्हा मोजा, मीटरने पूर्ण उघडे, म्हणजे दोन गाभ्यांत कुठेच जोड नाही, असे दाखवायला हवे. खिळा गाभ्यात शिरून दोन्ही तारा टेकल्या असतील तर त्या इथेच सापडतात. तपासून झाले की दोन्ही टोके टेपने बंद करा, नाहीतर सिमेंटचे पाणी आत झिरपून तांबे हिरवे पडते.

घर चालू झाल्यावर वर्षातून दोनदा टर्मिनल पाहा. एकदा पावसाळा संपल्यावर, एकदा कूलर काढून ठेवल्यावर. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी ओली हवा टीव्ही युनिटच्या मागे साचते आणि उघड्या तांब्यावर हिरवी पूड धरते. तशी दिसली तर तेवढे टोक कापून नवे १२ मिमी सोला. मे-जूनमध्ये विजा कडाडू लागल्या की नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग काढा आणि डिशची केबल सेट-टॉप बॉक्सच्या मागून सोडवा, कारण वीज पडली की तिचा झटका त्याच केबलने घरात येतो आणि आधी एचडीएमआयचे पोर्ट जळते.