‘शुगर’ आपल्या शर्करेवरूनच आला ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दादरला आमच्या इमारतीत रक्ततपासणीचा कागद हातात घेऊन कोणी भेटले, की मी भाषा शिकवतो हे ठाऊक असल्यामुळे हा प्रश्न हमखास येतो, आणि दोन्ही शब्दांत ‘श’ आहे, एवढा पुरावा विचारणाऱ्याला पुरेसा वाटतो. उत्तर ‘हो’ असेच आहे. पुरावा मात्र चुकीचा आहे.

संस्कृतात ‘शर्करा’ म्हणजे मुळात खडे, रेव. उसाचा रस आटवून त्याचे दाणे पाडण्याची विद्या भारतात साधली, तेव्हा त्या कणीदार जिनसालाही तेच नाव मिळाले. जिन्नस पश्चिमेकडे निघाला तसे नावही निघाले: फारसीत ‘शकर’, अरबीत ‘सुक्कर’, मध्ययुगीन लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमध्ये ‘सुक्र’ आणि तिथून इंग्रजीत. (स्पॅनिशमधल्या ‘असूकार’च्या आरंभी तर अरबीतले ‘अल्’ हे उपपद अजून चिकटलेले आहे.) म्हणजे आपला ‘श’ अरबीतच गळून पडला होता आणि इंग्रजांच्या हाती आला तो ‘स’. पुढे त्या ‘स’नंतर ‘यू’सारखा उच्चार होऊ लागल्याने त्याचा ‘श’ झाला. ‘शुअर’ या शब्दातही हेच घडले, आणि दोन्हींच्या स्पेलिंगमध्ये ‘एस’ तसाच राहिला. शुगरमधला ‘श’ असा इंग्लंडात घडलेला आहे. शब्दाचे मूळ कानाला वाटणाऱ्या साम्यावरून ठरवू नये, वाटेतला एकेक मुक्काम तपासावा, असा माझा आग्रह आहे तो यासाठीच. शिवाय हा शब्द उसना गेलेला आहे. त्यावरून इंग्रजी संस्कृतातून निघाली, असे ठरत नाही.

मला अधिक आनंद देतो तो मात्र ‘जॅगरी’ हा शब्द. परवा रानडे रोडवरच्या वाण्याकडे कोल्हापुरी गुळाच्या पुड्यावर तो छापलेला होता आणि शेजारच्या पिशवीवर ‘शुगर’. कानाला या दोघांत काहीही साम्य नाही. पण ‘शर्करा’ मल्याळममध्ये ‘चक्कर’ झाली, मलबारच्या किनाऱ्यावर पोर्तुगिजांनी तिची ‘जागरा’ केली आणि त्यांच्याकडून ती इंग्रजांनी उचलली. एक बहीण इराण-अरबस्तानमार्गे गेली, दुसरी पोर्तुगिजांच्या हातून. तिसरी प्राकृतातली ‘सक्करा’ होऊन इथेच राहिली: वाण्याने मला अर्धा किलो तोलून दिली ती साखर.